रंजनाताईंच्या रिंगा मोठ्या का भरल्या

"रंजनाताईंना उद्यापासून पॅकिंगला टाका," प्लँटहेड म्हणाले. "पर्मनंट करायच्या यादीतून नावही काढा. तेवढी फॉर्मवर सही करा."

फॉर्म मीच भरला होता. सणसवाडीच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघतो. आमच्याकडे 'व्हाय-व्हाय' असतं. चूक सापडली की पाचदा 'का' विचारायचं. पाचवं उत्तर म्हणजे मूळ कारण. रंजनाताईंच्या मशीनवरच्या अॅल्युमिनियमच्या रिंगा आठवडाभर अर्ध्या केसाएवढ्या मोठ्या भरत होत्या. का? सेटिंग चुकलं. का? लक्ष नव्हतं. का? घाई. का? सवय. का? इथं मी बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, 'स्वभाव'.

ताई शिरूरहून पहिल्या बसनं येतात. रिंगा गरम पाण्याच्या वॉशिंगमधून निघाल्या की ट्रे तडक माझ्या टेबलावर. "घ्या साहेब, गरमागरम!" भजी आल्यासारखा मी हसायचो. बाकीच्यांचे ट्रे चहा, तंबाखू, गप्पा सगळं उरकून यायचे.

त्या दुपारी ट्रे ठेवून त्यांनी विचारलं, "सही केली का?"

"हा एक ट्रे मोजतो, मग बघू."

"मोजा. तुमच्या गेजला माझं तोंडच बघवत न्हाई."

हातमोजे घालून पहिली रिंग गेजनं मोजली. मोठी. सही करायला पेन उघडलं. टेबलावर उन्हाचा चौकोन हळूहळू सरकत होता, कॉम्प्रेसर एका लयीत घुमत होता. बघता बघता मी दौंडला भीमेत पाय सोडून बसलो. पाण्यावरून रिंगा संथ वाहत येत होत्या आणि पायाशी येईतो लहान होत होत्या.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. ओशाळून तीच रिंग पुन्हा मोजली. बरोबर! सगळा ट्रे मोजला. एकही मोठी नाही. अॅल्युमिनियम तापलं की फुगतं, हे मी ट्रेनिंगमध्ये दरवर्षी शिकवतो.

"काय दुरुस्त केलंत?" प्लँटहेडनी विचारलं.

"काही नाही सर. डोळा लागला होता. तेवढ्यात रिंगा निवल्या."

त्यांनी फॉर्म फाडला. ताईंचं नाव यादीत राहिलं.

"म्हंजी आता सावकाश आणू व्हय?" ताईंनी विचारलं.

"नको. तासभर थांबून मोजायचं काम माझं."

पाचही 'का' मी ताईंकडे बोट करून विचारले होते. एखादा स्वतःकडे वळवला असता, तर दोन 'का'त भागलं असतं.