रिकामा गोल
टचस्क्रीनवर बोटाचा तेलकट ठसा दिसला की साताऱ्यातलं आमच्या डिझाइन कॉलेजचं एक प्रदर्शन आठवतं. आटपाडीकडच्या एका विद्यार्थिनीने पाण्याच्या टँकरचा नकाशा केला होता. गावाच्या गोलावर बोट ठेवलं की टँकर कोणकोणत्या तारखांना आला ते उघडायचं. तिच्या स्वतःच्या गावाचा गोल मात्र रिकामाच होता. "सर, तिथं टँकर आलाच न्हाई," ती म्हणाली. नकाशा अर्धवट दिसतो म्हणून मी तो गोल काढून टाकायला लावला. प्रदर्शनात तिचे वडील बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिले आणि शेवटी मलाच म्हणाले, "आवं सर, आमचं गाव कुठं हाय?" ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, माहिती मिळाली नाही. आता दरवर्षी पहिल्याच तासाला मी शिकवतो की रिकामा गोल कधी काढून टाकू नका, आणि मुलं ते माझं शहाणपण समजून वहीत उतरवून घेतात.