म्हाताऱ्या माणसाची चाळीस पावलं

तंबूत राहायला जाणाऱ्या कुटुंबांना तो घडीचे संडास आणि न्हाणीचे तंबू भाड्याने देत असे. धंद्याची सुरुवात एका बादलीने झाली होती. वर प्लायवूडची बैठक कापून बसवलेली, घट्ट झाकणाची बादली. तेव्हाच गल्लीने त्याचं बारसं केलं ते बादलीशेठ. आता त्याच्या गॅरेजमध्ये खाली टाकी असलेल्या चांगल्या बैठका होत्या, कपाटाएवढे उभे तंबू होते, उन्हात पाणी तापवणाऱ्या काळ्या पिशव्या होत्या. पण नाव बादलीवरून पुढे सरकायला तयार नव्हतं.

निसर्गात राहायला निघालेली माणसं काय काय नेतात ते बघण्यासारखं असतं. कॉफीचं यंत्र नेतात, कुत्र्याची गादी नेतात, घरात कुणालाही वाजवता न येणारी गिटार नेतात. जी गोष्ट रोज सकाळी उठल्याबरोबर लागते, तिची आठवण मात्र निघायच्या आदल्या दिवशी होते. मग बादलीशेठला फोन येतो, तोही चोरीचा माल मागवावा तसा दबक्या आवाजात. "ते... तुमच्याकडे ते मिळतं ना?"

"मिळतं," बादलीशेठ म्हणे, आणि दोनच प्रश्न विचारी. माणसं किती? आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस केवढं?

दुसऱ्या प्रश्नाने लोक दुखावत. पण त्याचा नियम ठरलेला होता. तंबूपासून संडास चाळीस पावलांवर, आणि पावलं मोजायची ती सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची. तो स्वतः गुडघे आखडून, तुरुतुरु चालत ती मोजी. मग बैठकीच्या झाकणावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवी. थेंबही सांडला नाही तर जमीन सपाट. शेवटी दार लावून आत दोन मिनिटं स्वतः बसून येई. गिऱ्हाईकं गालातल्या गालात हसत. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहिल्यावर हसत नसत.

या नियमामागे आई होती. लहानपणी वडील वर्षातून एकदा सगळ्यांना गाडीत घालून सहलीला नेत. आदल्या संध्याकाळपासून परत येईपर्यंत आई पाण्याचा थेंब घेत नसे. "हिला तहानच कमी," असं वडील कौतुकाने सांगत, जणू बायकोने कसलं बक्षीस मिळवलं होतं. मुलांनीही ते खरं धरलं. पुढे तिशी उलटल्यावर धाकट्याने, म्हणजे बादलीशेठने, एकदा सहज त्याबद्दल विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "प्यायचं आणि जायचं कुठे रे?" त्या आठवड्यात त्याने प्लायवूड आणलं. पण तोवर आईने सहली सोडल्या होत्या, त्या सोडल्याच.

थोरला भाऊ विमा कंपनीत मोठा साहेब. धाकटा काय करतो असं कुणी विचारलं की, "पर्यटन क्षेत्रात आहे," म्हणून विषय बदलायचा. त्याने निवृत्त होताना ऑफिसातल्या चार कुटुंबांसह तळ्याकाठी दोन दिवस राहायचं ठरवलं आणि धाकट्याला फोन केला. "तूही ये. आणि येताना ते तुझं घेऊन ये. न्हाणीसकट."

"मग आईला आणतो," धाकटा म्हणाला.

"तिला कशाला त्रास? झेपायचं नाही तिला."

"माझं सामान असताना का नाही झेपणार?"

आईला पटवायला त्याला आठ दिवस लागले. "सगळी सोय मी करतो," असा त्याने शब्द दिला, तेव्हा कुठे तिने पिशवी भरली.

तळ्याकाठी तो इस्त्रीचा शर्ट घालून उतरला. आईला खुर्चीत बसवून त्याने चाळीस पावलं मोजली आणि तंबू उभारायला घेतला, तोच वहिनी आली.

"अहो भाऊजी, इथे नको. फोटोत येईल ना."

मागोमाग थोरला. "त्या झाडांपलीकडे ने बघू. माणसं काय म्हणतील? आणि आज तू पाहुणा आहेस, जरा पाहुण्यासारखा बस की."

पाहुणा. वीस वर्षांत भावाने असं म्हटलं नव्हतं. बादलीशेठ विरघळला. संडास आणि न्हाणी झाडांपलीकडे गेली. वाटेत त्याने पावलं मोजलीच नाहीत, कारण मोजली असती तर आकडा कळला असता. परत येऊन तो साहेबलोकांत खुर्ची टाकून बसला. कुणीतरी विचारलं, आपण काय करता?

"पर्यटन क्षेत्रात आहे," बादलीशेठ म्हणाला. थोरल्याने मान डोलावली.

चहा आला. गप्पा रंगल्या. बादलीशेठचा दुसरा कप झाला तेव्हा त्याचं लक्ष आईकडे गेलं. तिचा कप खुर्चीशेजारी गवतावर तसाच होता. बाजूची पाण्याची बाटलीही भरलेली. आई झाडांकडे बघत होती.

"आई, चहा घे ना."

"नको रे. मला तहान कमी."

त्याला स्वतःचीच लाज वाटली, कान तापले. अख्ख्या जगाच्या म्हाताऱ्यांची पावलं मोजणाऱ्याने स्वतःच्या आईची मोजली नव्हती, आणि तेही एका खुर्चीसाठी. तो उठला, झाडांपलीकडे गेला, आणि बैठक छातीशी धरून, तंबू खांद्यावर टाकून, सगळ्या साहेबलोकांच्या मधून चालत आला.

"अरे, काय चाललंय तुझं?" थोरला दात आवळून म्हणाला.

"दादा, हा माझा धंदा आहे. मी संडास लावतो."

बादलीशेठने गुडघे आखडून, तुरुतुरु चालत चाळीस पावलं मोजली, तळ्याच्या अगदी देखण्या कोपऱ्यात तंबू ठोकला, झाकणावर काठोकाठ पेला ठेवला आणि मग दार लावून आत बसला. बाहेर आला तर समोर थोरल्याचे वरिष्ठ उभे.

"हे आपलं का? आम्ही सकाळपासून... म्हणजे विचारायचं तरी कुणाला?"

त्यांच्या मागे त्यांच्या बाई, त्यांच्या मागे आणखी दोघं. इतका वेळ तळ्याच्या सौंदर्यावर बोलणारी मंडळी नेमकं काय दाबून बोलत होती, ते आता कळलं. वहिनीही रांगेत आली. शेवटी इकडेतिकडे बघत थोरला आला. फोटोचं कुणी नाव काढलं नाही.

बादलीशेठ आईपाशी जाऊन गवतावर बसला. आईने तंबूकडे पाहिलं, मग मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"हा चहा गार झालाय," ती म्हणाली. "दुसरा आण. आणि जरा मोठा कप बघ."