आदल्या दिवशी न ठरवणारी माणसं

दुपारची बोट यायच्या वेळेला योर्डिस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर कोट घालून बसायची. बुटांच्या नाड्या बांधलेल्या, लोकरी टोपी मांडीवर. कुठे जायचं नसायचं. मोठ्या बेटाला वळसा घालून बोट दिसली की ती उठून खिडकीशी उभी राहायची. आमच्या लहानशा ग्रोशेर बेटाच्या धक्क्यावर कोणी उतरणार असलं तर बोट मंदावायची, नसलं तर तशीच पुढे निघून जायची. तशीच गेली की योर्डिस कोट खुंटीला अडकवायची आणि बटाटे सोलायला घ्यायची.

ती बोटींची कापडी आच्छादनं शिवायची. उन्हाळ्यात तिच्या अंगणात आमच्या सगळ्यांच्या बोटींची कापडं दोरीवर असायची. हिवाळ्यात अंगण रिकामं आणि पाणी करडं. माझं घर तिच्या घराला लागूनच, त्यामुळे तिचा कोट कधी चढतो आणि कधी उतरतो हे मला न बघताही कळायचं.

तिचा मुलगा स्टेलान उत्तरेकडे बंदरांवर कामं करायचा. तो यायचा तो न कळवता. एकदा ऐन नोव्हेंबरात आला, एकदा ती छपरावरचं शेवाळ खरवडत असताना धक्क्यावरून हाक मारत आला. त्याचे वडील आजारी होते तेव्हा त्याने शनिवारी येतो म्हणून सांगितलं होतं आणि जमलं नाही. म्हातारा शनिवारभर खिडकीशी बसून राहिला. रविवारी गेला. त्यानंतर स्टेलानने कधीच कुणाला वार सांगितला नाही. योर्डिसनेही विचारला नाही. शेवटचा आला त्याला आता काही हिवाळे उलटले होते.

मग नव्या नियमाचा मसुदा आला. प्रवासी वाहतूक खात्याचा. सिक्सतेनच्या दुकानात, दुधाच्या कपाटाशेजारी तो टाचणीने लावलेला होता. हिवाळ्यात ग्रोशेरला येणाऱ्या प्रवाशाने आदल्या दिवशी दुपारच्या आत फोन करून सांगायचं. नाहीतर बोट मोठ्या बेटावरूनच परत फिरेल. खाली नेहमीप्रमाणे लिहिलेलं होतं की कोणालाही हरकती-सूचना पाठवता येतील आणि आलेलं प्रत्येक मत सर्वांना वाचायला खुलं राहील.

बेटावर सगळे लिहायला बसले. सिक्सतेनने दुकानाच्या मालाबद्दल लिहिलं, कोणी शाळेबद्दल, कोणी दंतवैद्याबद्दल. कोणी काय लिहिलं ते लगेच खात्याच्या संकेतस्थळावर दिसत होतं, आणि सिक्सतेन गल्ल्याशी बसून एकेक मोठ्याने वाचायचा.

"योर्डिस, तू औषधांचं लिहिलंयस," तो म्हणाला. "कसली गं औषधं? तू अजून छपरावर चढतेस."

"पडले तर लागतील ना," ती म्हणाली. "यीस्ट दे."

मार्चमध्ये शाळेच्या खोलीत बैठक झाली. स्टॉकहोमहून तूवे नावाची अधिकारी आली होती, तरुण, नाक थंडीने लाल झालेलं. टेबलावर सगळ्यांच्या मतांची एक जाड फाइल, शेजारी कॉफी आणि दालचिनीचे बन. ज्याला हवं त्याने फाइल चाळावी. तूवेने सगळी मतं वाचलेली होती हे तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं. सिक्सतेनला ती म्हणाली, "तुझा माल सोमवारच्या मालबोटीने येतो असं तूच दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस."

"पहिला परिच्छेद वाचून थांबायचं असतं," सिक्सतेन म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

मग ती योर्डिसकडे वळली. "औषधं टपालाच्या बोटीने येतात. ती बोट चालूच राहणार आहे. त्यामुळे ते कारण टिकत नाही. तुझं आणखी काही कारण आहे का?"

योर्डिस कपातली कॉफी ढवळत राहिली. ती साखर घेत नसे.

"आता तोंडी सांगितलं तर चालेल?" तिने विचारलं.

"चालेल. मी टिपून घेते."

"माझ्या नावासकट?"

"हो, सगळं उघड असतं."

"आणि कोणीही वाचू शकतो."

"कोणीही," तूवे म्हणाली. "कुठूनही."

त्या शेवटच्या शब्दावर योर्डिसने मान वर केली. आम्ही सगळे तिथे होतो, आणि तिचा कोट, तिची खिडकी आम्हा सगळ्यांना माहीत होती. पण एवढ्या वर्षांत त्याबद्दल तिच्यासमोर कोणी बोललं नव्हतं, आणि ती आमच्यासमोर बोलली नव्हती. आता बोलली तर ते कागदावर जाणार होतं. बोलली नाही तर बोट जाणार होती.

"काही माणसं आदल्या दिवशी ठरवून येत नाहीत," ती म्हणाली. "बंदरावर उभी असतात, समोर बोट लागते, आणि मग वाटतं, जावं. माझा मुलगा तसा आहे. त्याला आदल्या दिवशी विचारलं तर तो नाही म्हणेल."

तूवेच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता. सिक्सतेनने बनची थाळी उचलली, कोणाकडे सरकवावी ते न कळून परत तिथेच ठेवली.

"मुलाचं नाव लिहू?" तूवेने विचारलं.

"लिही. स्टेलान."

त्यानंतरच्या आठवड्यांत योर्डिस दुकानात आली की गल्ल्याजवळच्या संगणकावर तिचं ते मत उघडायला लावायची. वाचायची नाही, फक्त आहे ना ते बघायची. एकदा तिने सिक्सतेनला विचारलं, "हे कोणी वाचलं, ते समजतं का?"

"नाही गं. तेवढं समजत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पीठ घेऊन गेली.

निर्णय मेअखेरीस आला. नियम झाला. प्रत्येक मताला उत्तर दिलेलं होतं, मालाला, शाळेला, दंतवैद्याला. योर्डिसचं बोलणं जसंच्या तसं छापलं होतं. त्याखाली लिहिलं होतं की ही अडचण खरी आहे, पण एका अनिश्चित प्रवाशासाठी रोज इंधन जाळणं समर्थनीय ठरत नाही. योर्डिसने ते दुकानात उभ्याउभ्या वाचलं, चष्मा न लावता.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली. "मी म्हणाले तसंच."

"पण तुझं ऐकलं कुठे त्यांनी?" मी म्हणाले.

"ऐकलं. मानलं नाही."

सिक्सतेन मसुदा आणि निर्णय शेजारी शेजारी ठेवून बघत होता. "थांब," तो म्हणाला. "मसुद्यात फोन प्रवाशाने करायचा होता. इथे म्हणतात, प्रवाशाने किंवा त्याच्या वतीने कोणीही."

घरी जाताना योर्डिसने दोनदा वाटेत थांबून समुद्राकडे पाहिलं.

हिवाळ्याचं वेळापत्रक लागू झालं त्याच्या आदल्या सकाळी तिने फोन केला. मी तिच्याकडे फाटलेलं कापड द्यायला गेले होते. फोनवरच्या मुलीने नाव विचारलं, तेव्हा तिने स्टेलानचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोट आली. धक्क्याला लागली, फळी टाकली, कोणी उतरलं नाही, फळी उचलली, बोट गेली. आता तिला बोट मंदावते का हे बघावं लागत नव्हतं. ती रोज मंदावायची. मला वाटतं, तेच तिला जास्त अवघड जात असावं.

रोज सकाळी ती फोन करायची. आम्ही सगळेच त्या बोटीने ये-जा करू लागलो. खात्यातून एकदा पत्र आलं, की हा प्रवासी नक्की आहे ना. तिने उत्तर पाठवलं की आहे. तेही फाइलला लागलं, तेही कोणीही वाचू शकतं.

"तुझ्या मुलाच्या बोटीने मी केस कापायला जातो," सिक्सतेन तिला म्हणाला.

"मग नीट कापून घेत जा. त्याला बोल लागेल," ती म्हणाली.

फेब्रुवारीत एका सकाळी ती स्टुलावरच गेली. कापड तिच्या गुडघ्यांवर होतं, अर्धी शिवण झालेली. त्या दिवशीची बोट आली, आणि दुसऱ्या दिवशीचीही आली, कारण तसं आधीच सांगितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. फळी टाकली गेली आणि उचलली गेली.

ती गेली त्या सकाळी, त्याच्या थोडं आधी, मी तिच्याकडे अंडी द्यायला गेले होते. तिने मला हातानेच बस म्हटलं. खांद्यात फोन धरून ती सुईत दोरा ओवत होती.

"हो, उद्याही," ती फोनवर सांगत होती. "एकच माणूस. तिकीट तो बोटीवरच काढेल."