उचगावच्या फियाटचा ब्रेक

बसा, चहा येतोय. तोवर एक किस्सा सांगतो, पण आधी शब्द द्या, की आमच्या फौंड्रीत हे कुणाला कळणार नाही. इतकी वर्षं पोटात जपलंय. हसायचं तेवढं इथंच हसून घ्या!

दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. घरी नवा कॉम्प्युटर आला होता. बायकोला सांगितलं होतं, ऑफिसचं काम घरी करता येईल. खरं कारण काय? गाड्यांच्या शर्यतीचा गेम! टेबलाला स्टिअरिंग लावायचं, पायाशी पेडल ठेवायचं आणि सुसाट सुटायचं. वय तेव्हा माझं चौतीस. हं, हसा.

स्टिअरिंगबरोबर आलेलं पेडल प्लास्टिकचं होतं. वळणावर जोरात ब्रेक दाबला की ते फरशीवरनं सरकत कॉटखाली जायचं आणि मागोमाग मी. तेव्हा ठरवलं, चांगलं पेडल घ्यायचं. परदेशी भारीतलं आपल्याला झेपणार नाही, हलकं तर घरात होतंच. मग राहिलं मधलं. शाहूपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्यानं तसले दोन सेट मागवून दिले. दोन्हींत पेडलं दोनच, उजवं रेसचं आणि डावं ब्रेकचं. एकाच्या ब्रेकला कडक स्प्रिंग, दुसऱ्याच्या ब्रेकमागं रबराचा ठोकळा.

"आठ दिवस घरी ठेवा," तो म्हणाला. "एक निवडा, एक परत आणा. खोका तेवढा फाडू नगा."

झालं! माझी झोप उडाली. अहो, मंडईत दोन वांग्यांतलं कुठलं घ्यावं म्हणून मला घाम फुटतो, आणि इथं दोन ब्रेक! स्प्रिंगचा दाबला की वाटायचं हाच. रबराचा दाबला की वाटायचं, छे, हाच. खऱ्या गाडीचा ब्रेक पायाला कसा लागतो, हे कळल्याशिवाय निवडणार कसं? आणि तेच तर मला माहीत नव्हतं. जन्मात कधी गाडीच्या ड्रायव्हर सीटवर बसलो नव्हतो. माझी आपली स्कूटर. कुणाला विचारावं तर लाज. फौंड्रीत मी तपासणी खात्यात. लोक मला विचारायला येतात, मी कुणाला विचारू?

तेवढ्यात पेपरात छोटी जाहिरात दिसली. 'फियाट विकणे आहे, एकहाती वापर, उचगाव.' म्हटलं, जाऊ, गिऱ्हाईक म्हणून बसू, चार वेळा ब्रेक दाबू, 'कळवतो' म्हणू आणि येऊ परत. ह्यात कुणाचं काय जातंय?

गाडीचे मालक आप्पा. गावच्या दूध संस्थेचे निवृत्त सचिव, पांढरी टोपी, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस वळून बघावी. आप्पा आणि काकी पुण्याला लेकीकडं कायमचे राहायला निघाले होते. तिथं गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून विकणं आलं. गाडीवर काकींचं जुनं नऊवारी लुगडं पांघरलेलं. आप्पांनी ते असं अलगद काढलं, की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"बसा की पावणं!"

आता गेम मी अनवाणी खेळतो. चप्पल असली की पेडलाचा अंदाज येत नाही. त्या सवयीनं मी चपला बाहेर काढल्या आणि आत बसलो. डोळे मिटले. डावा पाय ठेवला, हळूहळू दाबलं, धरलं, सोडलं. असं दहा वेळा. मग पेडल वरनं कसं बसवलंय बघावं म्हणून पार खाली वाकलो, कपाळ स्टिअरिंगला टेकलं. तोंडानं मात्र चकार शब्द नाही, सगळं लक्ष पायात!

वर बघतो तर बॉनेटपुढं आप्पा हात जोडून उभे आणि डोळ्यांत पाणी.

"अगं ए, भाईर ये!" त्यांनी काकींना हाक मारली. "ह्यो बघ माणूस! चपला काढून बसलाय. लक्ष्मीच्या पाया पडलाय. आजपातूर बारा गिऱ्हाईकं आली. एकानं सीटवर पाय ठिवला, एक तर तंबाखू मळत बसला. आणि ह्यो बघ!"

तेव्हाच सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं! पण माझ्या तोंडून काय निघालं? "गाडी... जपलीय हो तुम्ही."

"एक चक्कर मारा की."

"नको नको! उभीच बरी."

"ऐकलंस?" आप्पा काकींना म्हणाले. "मालक झाल्याबिगर लक्ष्मी पळवायची न्हाय म्हणतोय. ह्येला म्हणत्यात संस्कार!"

पोहे खाऊन, फोन नंबर देऊन घरी आलो. होय, नंबर दिला, तोही खरा! घाबरट माणसाला खोटं सुचायलासुद्धा वेळ लागतो.

घरी येऊन स्प्रिंगचं पेडल दाबलं. अगदी फियाट! मग रबराचं दाबलं. तेही फियाट! म्हणजे पुन्हा उचगाव. दुसऱ्या खेपेला वही नेली. कमी जोर, मध्यम जोर, पूर्ण जोर, असे रकाने आखून. तिसऱ्या खेपेला तर ताणकाटाच नेला, हुकानं अडकवून माल तोलायचा असतो ना, तो. पेडलाला दोरी बांधून किती जोर लागतो ते मोजलं. आमच्या खात्याची शिस्तच आहे, मोजल्याशिवाय शेरा द्यायचा नाही. आप्पा लांबून बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "असा तपासणारा माणूस मी उभ्या जन्मात बघितला न्हाय."

गुरुवारी कामावरनं घरी आलो तर बायको दारातच उभी. चेहरा असा फुललेला, की मला धडकीच भरली.

"सांगितलं नाहीत व्हय मला?"

"काय?"

"गाडीचं! उचगावच्या आप्पांचा फोन आला होता. रविवारचा मुहूर्त काढलाय म्हणाले. मी कोडोलीला आईला कळवलंसुद्धा!"

मी मटकन खाली बसलो. तिला वाटलं आनंदानं. ती पुढं सांगतच होती, "हुपरीचे कोण ते सदाशिवराव, चांदीच्या पैंजणांचा कारखाना आहे म्हणे त्यांचा. ते गाडी न्यायला तयार होऊन आले होते. आप्पांनी त्यांना परत पाठवलं. माणूस सापडला म्हणाले."

आता मला सांगा, घास उतरेल का? खरं गिऱ्हाईक माझ्यामुळं परत गेलेलं. आप्पा मंगळवारी पुण्याला निघणार. मी नाही म्हटलं तर ती गाडी उन्हापावसात बेवारस पडणार, आणि म्हाताऱ्याच्या जिवाला घोर. आणि घेतो म्हटलं तर? घेऊन करू काय? पूजा?

शुक्रवारी हिंमत केली, फोन लावला. "आप्पा, जरा बोलायचं होतं—"

"काय बी बोलू नगा पावणं! पैशाचं तुम्ही म्हणाल तसं. गाडी तुमच्या हातात पडली की मी सुखानं जातो बघा."

आता ह्यावर 'मी कॉम्प्युटरच्या खेळण्यासाठी आलो होतो' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? मी म्हणालो, "रविवारी किती वाजता येऊ?"

रविवारी बायको नवी साडी नेसून, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन स्कूटरवर मागं बसली. उचगाव येईपर्यंत मी तीनदा मनातल्या मनात कबुली दिली आणि तीनदा गिळली. आप्पांच्या दारात निम्मी गल्ली जमलेली. फियाटला झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक. सदाशिवरावही आले होते. आप्पांनी ओळख करून दिल्यावर ते म्हणाले, "गाडी हुकली तर हुकली, काकींच्या हातचं जेवाण कशाला हुकवायचं?"

गाडी दारातल्या उतारावर उभी होती. चाकांखाली लिंबं. आप्पा माझ्या शेजारच्या सीटवर बसले.

"आज इंजान सुरू करायचं न्हाय. मी हँडब्रेक सोडतो, गाडी उतारानं लिंबावरनं जाऊ द्या, आणि पुढं गेली की ब्रेक लावा. एवढंच. म्हंजे गाडी तुमची!"

मला जरा धीर आला. ब्रेक ना? ब्रेक तर मी आठ दिवस अभ्यासलाय!

आप्पांनी हँडब्रेक सोडला. लिंबं फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाडी निघाली. मी शांतपणे डावा पाय दाबला, मध्यम जोर. गाडी थांबेना. पूर्ण जोर! गाडी थांबेना! दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, सीटवरनं अर्धा उठून दाबलं, तरी गाडी आपली निवांत चाललीय उतारानं, समोरच्या पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीकडं!

"ब्रेक फेल!" मी बोंब ठोकली. "सरका! बाजूला व्हा! ब्रेक फेल!"

बायका-पोरं पळाली. आप्पांनी झडप घालून हँडब्रेक ओढला, पण तोवर फियाट बॉनेटपर्यंत गंजीत घुसली होती. कुणाला काही लागलं नाही, गाडीलाही नाही. नुसता पिंजर उडाला.

आप्पा खाली उतरले. त्यांचा तो आवाज पार बसला होता.

"बावीस वर्सं," ते म्हणाले. "बावीस वर्सांत एकदा दगा दिला न्हाय तिनं. आणि आज पावण्यांच्या पुढ्यात..." त्यांनी टोपी काढली. "सदाशिव, तुला बी देत न्हाय आता. ब्रेक नसलेली गाडी मी कुणाच्या जिवावर सोडणार न्हाय. उद्या भंगारात घालतो."

काकींनी डोळ्याला पदर लावला. आणि मला, खरं सांगतो, स्वतःची इतकी शरम वाटली, की भीतीच पळाली.

"आप्पा, थांबा!" म्हणालो आणि सगळं ओकलो. कॉम्प्युटर, शर्यत, स्प्रिंग, रबर, आठ दिवस. गाडी घ्यायची मला कधीच नव्हती. गाडी चालवताही येत नाही. तुमच्या लक्ष्मीचा नुसता ब्रेक बघायला येत होतो. बायकोनं ताट शांतपणे खाली ठेवलं, आणि ती शांतता मी घरी जाऊन महिनाभर भोगली.

"ते ऱ्हाऊ दे," सदाशिवराव पुढं आले. "पर ब्रेक गेला कसा? मी गेल्या ऐतवारी स्वतः चालवून बघितली हुती."

चौघांनी गाडी ढकलून वर नेली. सदाशिवराव बसले, उतारानं सोडली, आणि दाबल्या जागी गाडी गपकन थांबली! परत वर, परत सोडली. परत थांबली.

"ब्रेक तर झ्याक हाय की! या पावणं, तुम्ही बसा. मघाशी दाबलासा तसंच दाबून दाखवा."

मी बसलो. डोळे मिटले. दाबलं. सदाशिवराव दारातनं खाली वाकले आणि बराच वेळ माझ्या पायाकडं बघत राहिले.

"पावणं, ह्ये काय हाय?"

"ब्रेक."

"आणि मग ह्ये मधलं?"

अहो, ते मधलं मी पहिल्या दिवसापासून बघत होतो! पण माझ्या घरच्या पेडलात उजवीकडं रेस, डावीकडं ब्रेक. क्लच माझ्या स्कूटरला हातात असतो. मग ते मधलं कशाचं असणार?

"ते... लाईटीचं काहीतरी असेल," मी म्हणालो.

सदाशिवराव उठले. "आप्पा," ते गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या बाबानं क्लच दाबलाय!"

असा हशा उठला म्हणता! पण आप्पा हसले नाहीत. ते थेट बॉनेटपाशी गेले, त्यावरचा पिंजर हातानं झाडला आणि गाडीला म्हणाले, "चुकलं बाई माझं. तुझ्यावर संशय घेतला." मग माझ्याकडं वळले. "म्हंजे आठ दिवस तुम्ही...?"

"क्लच."

"वहीत लिवलं, काट्यानं मोजलं, ते...?"

"क्लचच."

"आणि मी लोकास्नी सांगत सुटलोय, समदी गिऱ्हाईकं ब्रेक बघत्यात, ह्यो जाणकार माणूस क्लच बघतोय म्हणून!"

हार तोच राहिला, किल्ली तेवढी सदाशिवरावांच्या हातात गेली. आप्पांचा चेहरा मोकळा झाला, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. काकींनी मला न जेवता सोडलं नाही. उलट रस्सा वाढताना वाटी जरा जास्तच भरली. बायको पंगतीत एवढंच बोलली, "दोन्ही पेडलं उद्या परत." मी मान डोलावली. निवडीचा प्रश्न असा सुटला.

हात धुताना आप्पा शेजारी आले. आवाज आता पूर्ववत झाला होता.

"पावणं, राग मानू नगा, पर एक इचारतो. नोकरी कुठं म्हणालासा?"

"फौंड्रीत. तपासणी खात्यात. माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही."

"व्हय? आणि माल कसला?"

खोटं सुचायला मला वेळ लागतो, हे मघाशी सांगितलंच.

"ट्रकचे ब्रेक ड्रम," मी म्हणालो.

आप्पा हात पुसता पुसता थांबले. मग वळून फियाटमध्ये बसलेल्या सदाशिवरावांना ओरडून म्हणाले,

"सदाशिव! जाताना हायवेनं जाऊ नगंस बाबा! तिथं ट्रक असत्यात!"