एटापल्लीत स्पॅनिश

दवाखान्याच्या ओट्यावर बसलं की किस्से मोहफुलांसारखे टपटप पडतात, वेचणारा पाहिजे! मी तिथं कंपाउंडर, त्यामुळे माझी टोपली कधी रिकामी राहिली नाही. हा सगळा माल आमच्या एटापल्लीच्या डॉक्टरांच्या घरचा, पन्नासच्या दशकातला. एक शब्द खोटा निघाला तर मिशी उतरवून देतो!

डॉक्टर विलायतेला शिकायला गेले आणि परतले ते स्पॅनिश बायको घेऊनच! पिलारबाई. पोरं दोन. मंदा पाच वर्षांची, बाळू तीनचा. दिवाळीनंतर बाईंची आई स्पेनहून नातवंडं पाहायला येणार होती. म्हातारीला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं आणि पोरांना स्पॅनिश सोडून सगळं येत होतं!

"माझी आई एवढा समुद्र ओलांडून येईल, आणि माझी पोरं तिच्यापुढे मुकी बसतील?" म्हणत बाईंनी पदर खोचला.

*

शाळेचे गुरुजी मदतीला धावले. "बाई, पुस्तक मागवा. रोज तासभर घोकून घेतो!"

"गुरुजी, तुमच्या मुलाला मराठी कोणत्या पुस्तकातून शिकवलीत?"

गुरुजी म्हणाले, "त्याले अजून येते कुठी!"

बाईंची शाळा भरायची न्हाणीत नाहीतर चुलीपाशी. साबण लावताना, भात भरवताना, मांडीवर थोपटताना पोरांशी बोलायचं ते फक्त स्पॅनिशमध्ये. पाटी नाही, छडी नाही.

*

जेवताना मराठीत मागेल त्याला वाढायचं नाही, हा नियम. पोरं चटकन शिकली. अडकले डॉक्टर! मिठाचा शब्द काही केल्या आठवेना. आठवडाभर अळणी वरण गिळलं.

शेवटी स्वयंपाकाच्या सखूबाईला राहवेना. "साहेब, पोराले इचारा ना!"

"बापानं पोराला विचारायचं?"

"मंग खा अळणी!"

दुसऱ्या दिवशी बाळू बापाच्या मांडीवर. कानात कुजबुज झाली, मीठ आलं आणि मांडीवरची जागा बाळूला कायमची लागू झाली!

*

खरी प्रगती मोत्यानं केली. कुत्रा सदा पोरांच्या पायात, म्हणून त्यालाही स्पॅनिशच. एका भरदुपारी अंगणातल्या मोहाखाली अस्वल आलं. मी उडी मारून ओट्यावर!

"मोत्या, धाव! अबे, काऊन बसून राह्यला?"

मोत्या आपला कान खाजवतोय.

तेवढ्यात बाळू खिडकीतून ओरडला, "फुएरा!" म्हणजे चालता हो. मोत्या बाणासारखा सुटला, पण त्याच्याही पुढे अस्वल पळत होतं! त्याला स्पॅनिश कुत्र्याच्याही आधी समजली!

*

पावसाळ्यात बाईंना मलेरियानं गाठलं. अंथरुणावरून उठवेना. तापापेक्षा चिंता मोठी: पोरं सगळं विसरतील!

सखूबाई म्हणाली, "बाई, तुमी निजा. तुमची भाषा मी चालू ठेवते."

आणि न्हाणीतून आवाज येऊ लागले. तेच शब्द, तोच हेल, तेच रागावणं! बाईंनी मला हाक मारली. "कंपाउंडरभाऊ, मी इथं झोपलेय, मग तिकडे पोरांवर ओरडतंय कोण?"

मी म्हटलं, "तुम्हीच. जरा सावळ्या झालात!"

बाई इतक्या हसल्या की क्विनीनची बाटली लवंडली.

*

दिवाळी झाली. नागभीडच्या स्टेशनवर आम्ही सगळे हजर. गाडी आली. काळ्या झग्यातली म्हातारी उतरली, दोन्ही हात पसरले आणि स्पॅनिशचा धबधबाच सुरू!

पोरं आईच्या पाठीमागे. बाळूनं पदरात तोंड खुपसलं. मंदा आजीकडे टकमक बघतेय, ओठ घट्ट मिटलेले.

आजी पुन्हा काहीतरी बोलली, हळू. पोरं गप्प. तिचे हात सावकाश खाली आले. बाईंचा चेहरा असा झाला की मी सिग्नलकडे बघू लागलो. सखूबाई पुटपुटली, "बोल व माय, बोल!"

तेव्हा मंदानं आईचा पदर ओढला आणि साऱ्या फलाटाला ऐकू जाईल अशा खणखणीत, बिनचूक स्पॅनिशमध्ये विचारलं,

"आई, या बाईला आपल्या घरातली भाषा कुणी शिकवली?"