माशीचा घाम

पारूमावशी मेण चावून बघायची. कुणी मेणाचा गोळा पुढे ठेवला की आधी नाकाशी, मग चिमूटभर तोंडात. बराच वेळ चघळून ती दातांवरून जीभ फिरवायची आणि निकाल द्यायची, "खरं हाय. खरं मेण कपाळाला धरतं, दाताला न्हाई." भोरला आमच्या शेजारी ती राहायची. नवखी पाहुणी हा प्रकार बघून चाटच पडायची.

वेल्ह्याकडच्या कड्यांवरून मधाची पोळी उतरवणारी माणसं मध विकून झाला की पिळलेली पोळी तिच्याकडे टाकून जात. मावशी ती पाण्यात उकळायची, फडक्यातून गाळायची आणि थोडं खोबरेल घालून डब्या भरायची. आमच्याकडच्या बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवत आणि त्यावर कुंकू. बाजारात टिकल्यांची पाकिटं आली तेव्हा मावशीनं नाक मुरडलं. "गोंदानं का कुठं कपाळ सजतं? मेण म्हंजी माशीचा घाम. तिच्या पोटातनं येतंय, म्हून त्यात खोटं न्हाई."

माझ्या लग्नात डबी तिचीच होती. वैशाख महिना, मांडवावर तापलेले पत्रे, समोर होम. सप्तपदीला उठले आणि घामाबरोबर मेण सुटलं, कुंकू नाकावरून ओघळत शालूवर पडलं. आईनं धावत येऊन पुसलं, दुसरं लावलं. पण बघायचं त्यांनी बघून घेतलं होतं. सासरी वेल्ह्याला कुजबुज माझ्या आधी पोचली. ओटी भरायला आलेल्या बायका माझ्या कपाळाकडे बघत आणि नजर वळवत. सासूबाई कुंकवाचा करंडा माझ्या हाती देईनात.

आठवड्याभरात मावशी एसटीनं आली. अंगणात बायका डाळ निवडत होत्या. ती टेकलीसुद्धा नाही. पिशवीतून दोन गोळे काढून तिनं सासूबाईंच्या दोन्ही तळहातांवर ठेवले. "दाबा, विहीणबाई." एक गोळा हाताच्या उबेनं कणकेसारखा मऊ झाला, बोटांचे ठसे धरून बसला. दुसऱ्याचा भुगा झाला.

"ही मेणबत्ती," मावशी भुग्याकडे बोट करून म्हणाली. "औंदा लग्नापत्तुर पोळी आलीच न्हाईत. पोरीच्या लग्नाला न्हाई कसं म्हनू? म्हून म्या हीच वितळवून डबीत घातली. पोरीच्या कपाळात खोट न्हाई. माशीबी खोटं बोलली न्हाई, म्या बोलले."

"सौभाग्याच्या वस्तूत भेसळ?" एक बाई फटकन म्हणाली. "ह्या वयात शोभलं का तुमाला?"

"न्हाई शोभलं," मावशी म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली. चहाला थांब म्हणण्याचीही कुणाला आठवण झाली नाही. मलासुद्धा नाही. संध्याकाळी करंडा माझ्या हातात आला. केवढं सुटल्यासारखं वाटलं मला! आणि त्या वाटण्याचीच इतकी लाज वाटली की कुंकू लावताना आरशात बघवेना.

दिवाळीत माहेरी गेले तर मावशीची मेण उकळायची चूल गार होती आणि कपाळावर टिकली. मी बघतेय हे तिला कळलं.

"दुसऱ्याच्या कपाळाला हात लावायला तोंड ऱ्हायलं न्हाई गं. माझ्या कपाळाला आता गोंदच बरा."

मी पुष्कळ समजावलं. गल्लीतल्या बायकांनीही मनावर घेतलं नव्हतं, डब्या मागायला त्या येतच होत्या. पण ती ऐकेल तर शपथ. पुढची कितीतरी वर्षं तिनं टिकलीच लावली, शिक्षा भोगल्यासारखी.

ती गेली तेव्हा तिचे यजमान, आमचे काका, मागे होते. सवाष्ण म्हणून तिचा मळवट भरायला बायका जमल्या. निरोप मिळताच मी वेल्ह्याहून मेणाचा खडा पदराला बांधून आले होते. तिची टिकली काढली. खाली तेवढीच गोल कातडी पांढरी पडली होती. मग सगळ्यांदेखत मी खड्याचा तुकडा दातांनी तोडला, चघळला, जीभ फिरवून बघितली. दाताला धरलं नाही. उरलेलं मेण तळहातावर मऊ करून तिच्या कपाळाला लावलं आणि वर कुंकू भरलं.

काकांचा भाऊ यायचा होता, म्हणून तिला बराच वेळ दारात ठेवलं होतं. ऊन मी म्हणत होतं. कुंकू जागचं हललं नाही.