अठ्ठेचाळीस बोटं

बाहत्तर सालच्या ऑगस्टमधला एक शनिवार. खिदिरपूरच्या एका शाळेत पालक समितीची बैठक होती आणि हजर पाच जण होते: मुख्याध्यापक, एक वकील, एक लाकडाचे व्यापारी, समितीचा चिटणीस म्हणून मी, आणि मेजोबाबू. पाच माणसांच्या हातांची मिळून बोटं अठ्ठेचाळीस. कमी असलेली दोन मेजोबाबूंच्या डाव्या हातावरची.

कलकत्त्यात ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला बडोबाबू म्हणतात, त्याच्या खालच्याला मेजोबाबू. आमच्या मेजोबाबूंनी गल्लीत पडलेला, सुतळी गुंडाळलेला गावठी बॉम्ब बाजूला ठेवायला उचलला होता. "दोन बोटांवर भागलं," एवढंच ते सांगत. त्या वर्षांत मारामाऱ्या शाळेच्या फाटकापर्यंत आल्या होत्या. नववी-दहावीतली काही मुलं खिशात चाकू बाळगत, काही गांजा ओढत. म्हणून शनिवारचा शेवटचा तास मेजोबाबूंना दिला होता. टोपी आणि कमरेचा पट्टा मुख्याध्यापकांच्या खोलीत काढून ठेवूनच ते वर्गात शिरत.

भाषण करत नसत. खिशातून सुतळी काढून प्रत्येक मुलाच्या डाव्या हाताची दोन बोटं तळव्याशी बांधत आणि म्हणत, "शर्टाची बटणं काढा. आता लावा." आधी वर्गभर हशा. मग हळूहळू सगळे गप्प. "हे रोज करायचं," ते सांगत, "तेही कामावर जायला उशीर झालेला असताना. मला बायको लावून देते. तुमची लग्नं व्हायचीत." मी वर्षभर त्या तासाची हजेरी लिहीत असे. बेचाळीस मुलांच्या वर्गात चाळिसाच्या खाली आकडा गेलेला मला आठवत नाही.

तास संपताना ते बिस्किटांचा एक रिकामा डबा पहिल्या बाकावर ठेवत, फळ्याकडे तोंड करून उभे राहत आणि मोठ्यानं शंभरापर्यंत आकडे म्हणत. डबा बाकांखालून फिरे. ज्याला जे टाकायचं ते त्यानं टाकावं. डबा ते ठाण्यावर नेत आणि आतलं नष्ट करत. "नाव विचारणार नाही," हा त्यांचा शब्द होता. "डब्यात आलं ते सुटलं."

त्या शनिवारी नववीच्या तासानंतर डब्यातून वास आला म्हणून मुख्याध्यापकांनी तो समितीपुढे उघडायला लावला. आत एक चाकू होता आणि वर्तमानपत्राच्या कपट्यात बांधलेली गांजाची पुडी. कपट्यावरची अक्षरं देवनागरी. बाकीच्यांना ती लिपी धड वाचता येत नव्हती.

"ये तो हिंदी है," वकील म्हणाले. नववीत हिंदी घरातला मुलगा एकच होता, रामाश्रय. त्याचे वडील गोदीत क्रेन चालवायचे. "शाठेबाबू, आप पढ़िए तो." साठेचं शाठे तिथं सगळेच करत.

मी कपटा हातात घेतला. पुण्याहून आमच्याकडे टपालानं येणारं मराठी साप्ताहिक होतं ते. समासात पेन्सिलीनं आमच्या विजेच्या मीटरचे दोन आकडे मांडले होते आणि खाली वजाबाकी. माझा मुलगा अरुण त्याच वर्गात होता.

"हिंदी ही है," मी म्हणालो.

मेजोबाबूंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग वकिलांकडे. "मुलाला हात लावू नका. मी शब्द दिलाय. आज नाव काढलंत, तर पुढच्या शनिवारी डबा रिकामा येईल आणि चाकू खिशातच राहतील."

"मग तुमचा तासच नको," वकील म्हणाले.

तास बंद करावा, या ठरावाला चार हात वर झाले. चौथा माझा. ठराव लिहिलाही मीच. मेजोबाबू पुडी कपट्यासकट उचलून "हा ठाण्याचा माल" एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

घरी अरुणला विचारलं तेव्हा तो रडला. "दोनदाच ओढला, बाबा. मेजोबाबू म्हणाले होते, टाकलं की संपलं. म्हणून टाकला." त्यानंतर त्यानं कशालाही हात लावला नाही. त्या तासाचा उपयोग झाल्याचं मला ज्या एका मुलाबाबत खात्रीनं माहीत आहे, तो माझा होता. आठ दिवसांत रामाश्रयच्या वडिलांना बोलावून दाखला हातात दिला गेला. अरुणनं विचारलं, "रामाश्रय का येत नाही?" मी म्हणालो, "वडिलांची बदली झाली असेल." क्रेन चालवणाऱ्याची कसली बदली!

हिवाळ्यात मेजोबाबूंची डमडमकडे बदली झाली. जाण्यापूर्वी ते घरी आले. हिनं चहा ठेवला. त्यांनी खिशातून तो कपटा काढून माझ्यासमोर ठेवला. "शाठेबाबू, तुमचा सातचा आकडा मी कुठेही ओळखीन. वर्षभर हजेरी वाचलीय तुमची."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"नाव काढणार नाही म्हटलं होतं. मुलगा कोणाचा, यानं शब्द बदलतो का?" मग म्हणाले, "रामाश्रयला मी दुसऱ्या शाळेत घातलंय. वर्ष गेलं त्याचं. बापाला एकदा भेटा तुम्ही."

उठताना ते कोटाची बटणं लावू लागले. चार बटणं. फार वेळ लागला. मी समोर उभा होतो. ठरावाला वर झालेला माझा हात तेव्हा पुढे झाला नाही.

मी गेलो रामाश्रयच्या घरी. त्याच्या वडिलांनी शेजारून खुर्ची आणली, पेल्यात चहा दिला. "इतने बड़े बाबू हमारे घर आए," ते बायकोला म्हणत राहिले. मी मुलाच्या अभ्यासाची चौकशी केली, चहा संपवला आणि परत आलो.

मेजोबाबूंची पुन्हा भेट झाली नाही. कपटा माझ्या कपाटात आहे. तो वाचायला सांगितल्याला सहा वर्षं झाली. आज वाचून सांगतो. कागद मराठी आहे. वजाबाकी बरोबर आहे. अक्षर माझं आहे.